समुद्राची अमानत : लक्षद्वीपची प्रवाळबेटे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनाच्या व्यासपीठावरून साधारणपणे समाजाची प्रगती, मुलींचे शिक्षण, परीक्षेतील यश अशा विषयांवर बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मी आज आपणांस थोडे समुद्राकडे नेणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांची घरे खाडीच्या नाहीतर समुद्राच्या काठी आहेत. भरती-ओहोटीची वेळ, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, कोणत्या महिन्यात कोणती मासळी बाजारात येते, हे येथील लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. पण त्याच पाण्याखाली काय आहे, ते कसे जगते आणि कशाने मरते, हे मात्र आपल्या शाळेत वा घरात क्वचितच कोणी सांगते.

सूरह रहमान आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहे. समुद्रातून निघणाऱ्या मोत्यांबरोबर तीत मर्जानचा उल्लेख आहे, आणि पुढे आणखी एकदा मर्जानची उपमा येते. मर्जान या शब्दाच्या अर्थाबद्दल भाष्यकारांचे एकमत नाही. काहींनी त्याचा अर्थ बारीक मोती असा घेतला आहे, तर सर्वसाधारण समजूत पोवळे अशी आहे. मी आज पोवळ्याविषयीच बोलणार आहे, पण आपल्या अंगठीतल्या किंवा तसबीहमधल्या तांबड्या पोवळ्याविषयी नाही. ते तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते आणि त्याची बेटे होत नाहीत. त्याचे जे भाऊबंद उथळ, उबदार आणि स्वच्छ पाण्यात वाढतात व चुनखडीचे डोंगर उभे करतात, त्या प्रवाळांची ही हकीकत आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे. मुगाच्या दाण्याएवढा, कधी त्याहूनही लहान, मऊ पिशवीसारखा जीव. तोंडाभोवती बारीक मिशांचे कडे. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती कठीण वाटी तयार करतो. असे लाखो जीव एकमेकांना चिकटून राहतात, जुने मरतात, त्यांच्या वाट्यांवर नवे बसतात, आणि हळूहळू खडक वाढत जातो. हळूहळू म्हणजे किती? गोलाकार घट्ट जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. फांद्यांचे प्रवाळ त्यापेक्षा बरेच जलद वाढतात, पण मोडतातही लवकर. म्हणजे मुलाच्या जन्माच्या वर्षी जो प्रवाळाचा गोळा मुठीएवढा होता, तो त्या मुलाच्या लग्नापर्यंत फार तर घागरीएवढा होईल. नांगर टाकणाऱ्या नावेला तो फोडायला एक क्षण पुरतो.

या जीवाच्या शरीरात एक भाडेकरू राहतो. ती एकपेशीय शैवाले असतात. सूर्यप्रकाशात ती अन्न तयार करतात आणि त्यातले बहुतांश घरमालकाला देतात. त्याबदल्यात त्यांना आसरा व खत मिळते. प्रवाळाला रंग येतो तो मुख्यतः या भाडेकरूमुळे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा केवळ एक अंशाने वर गेले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि कफनासारखा पांढरा पडतो. शास्त्रज्ञ याला विरंजन म्हणतात. पांढरा पडला म्हणजे लगेच मेला असे नाही. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. नाही निवले, तर प्रवाळ उपासमारीने मरतो आणि त्या सांगाड्यावर शेवाळ माजते.

समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण सागरी जीवांच्या सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आश्रयाने राहतात. एवढ्यावरून त्यांचे महत्त्व ध्यानात यावे.

आता आपण लक्षद्वीपला जाऊ. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते चारशे चाळीस किलोमीटरांवर ही बेटे अरबी समुद्रात विखुरलेली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती केंद्रशासित झाली, आणि १९७३ मध्ये त्यांना लक्षद्वीप हे नाव मिळाले. वस्ती असलेली बेटे दहा. सर्व बेटांची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती, त्यांत शेकडा ९६ हून अधिक मुसलमान. आणि आपल्या कोकणी मुसलमानांप्रमाणेच ते शाफई आहेत. साक्षरता शेकडा ९१ च्या वर, ही गोष्ट शिक्षणसंस्थेच्या संमेलनात आवर्जून सांगितली पाहिजे. उत्तरेकडील बेटांवर मलयाळमची बोली चालते, तर मिनिकॉयमध्ये महल भाषा, जी मालदीवच्या भाषेची बहीण आहे.

ही बेटे आली कोठून? चार्ल्स डार्विन याने १८४२ मध्ये असे मांडले की समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या काठाभोवती वाढणारे प्रवाळ मात्र प्रकाशासाठी वरवर चढत राहतात; शेवटी डोंगर बुडतो आणि प्रवाळाचे कडे तेवढे उरते. शंभराहून अधिक वर्षे हा तर्कच होता. १९५२ मध्ये पॅसिफिक महासागरातील एनिवेटोक येथे भोके पाडली, तेव्हा तेराशे-चौदाशे मीटर चुनखडी ओलांडल्यावर खाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला. अशा कड्याच्या आत शांत, उथळ, हिरवट पाण्याचे सरोवर असते, त्याला लगून म्हणतात. आणि कड्याच्या एका अंगावर प्रवाळांच्या चुऱ्याची वाळू साचून जे बेट तयार होते, त्यावर नारळ लागतात आणि माणसे राहतात.

म्हणजे लक्षद्वीपमध्ये माणसाच्या पायाखालची जमीनच या मुगाएवढ्या जीवाने दिलेली आहे. तेथे ना डोंगर, ना नदी. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटर उंच. तरी विहिरीला गोडे पाणी लागते, याचे नवल वाटेल. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, जड असल्यामुळे ते खाली राहते म्हणून, पातळ थरासारखे तरंगत राहते. वुजूचे, पिण्याचे, स्वयंपाकाचे पाणी पिढ्यान् पिढ्या याच थरातून आले. बाहेरचे प्रवाळाचे कडे लाटेचा जोर मोडते म्हणून हा थर टिकतो. जगभरच्या मोजणीचा आढावा घेऊन २०१४ मध्ये असे दिसून आले की प्रवाळाचे कडे लाटेची सरासरी ९७ टक्के शक्ती अडविते. आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी कोट्यवधी रुपये लागतात. तेथे तो बंधारा जिवंत आहे, स्वतःची डागडुजी स्वतः करतो, आणि मेला तर करीत नाही.

आता मासेमारीकडे वळतो, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तेथेच आहे.

आपण ज्याला कुपा म्हणतो, त्या जातीचा मासा हा लक्षद्वीपचा मुख्य आधार. तो धरण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. नाव प्रथम लगूनमध्ये जाते. तेथे प्रवाळांभोवती फिरणारे बोटभर लांबीचे मासे बारीक जाळ्याने जिवंत धरतात. नावेच्या पोटात एक टाकी असते, तिच्यात समुद्राचे पाणी सतत खेळते राहते, आणि हे मासे जिवंत राहतात. मग नाव कड्याबाहेर खोल समुद्रात जाते. पक्षी घिरट्या घालताना दिसले म्हणजे खाली कुप्याचा थवा आहे असे ओळखतात. जिवंत आमिष मुठी-मुठीने पाण्यात टाकतात आणि वरून पाण्याचे तुषार उडवितात. कुप्याला वाटते की लहान माशांची झुंबड उडाली आहे. तो वेडा होऊन वर येतो. नावेच्या मागील बाजूस माणसे ओळीने उभी असतात. प्रत्येकाच्या हातात लांब काठी, तिला आखूड दोरी आणि गळ. त्या गळाला उलटा काटा नसतो. मासा लागला की हिसका देऊन मागे फेकायचा. तो नावेत पडता पडताच गळातून सुटतो आणि काठी पुन्हा पाण्यात जाते. एक माणूस, एक काठी, एका वेळी एक मासा. कासव अडकत नाही, डॉल्फिन अडकत नाही, समुद्राचा तळ खरवडला जात नाही.

ही मूळची मिनिकॉयची रीत. १९६० नंतर सरकारने यंत्रनौका दिल्या आणि इतर बेटांवरही तिचा प्रसार केला. मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवितात, त्याला मास म्हणतात. तो महिनोन्‌महिने टिकतो आणि दूरवर विकला जातो.

या सर्वांचा एक परिणाम असा झाला की बेटावरच्या माणसाला प्रवाळातील मासे फारसे मारावे लागले नाहीत. त्याचे पोट खोल समुद्रातल्या कुप्यावर भरत होते. प्रवाळांमध्ये पोपटमासा नावाचा एक रंगीत मासा असतो. त्याचे दात चोचीसारखे असतात. तो प्रवाळी खडकावरचे शेवाळ खरवडून खातो, त्याबरोबर चुनाही गिळतो, आणि तो दळून वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. बेटावरची पांढरी स्वच्छ वाळू, जिच्यावर पर्यटक फोटो काढतात, तिचा पुष्कळ भाग अशा माशांच्या पोटातून आलेला आहे! (विद्यार्थ्यांना हसू येणे साहजिक आहे, पण ही गोष्ट खरी आहे.) त्याहून मोठे काम म्हणजे तो शेवाळ माजू देत नाही, त्यामुळे प्रवाळाच्या पिलांना बसायला स्वच्छ जागा मिळते.

१९९८ मध्ये एल निनोमुळे हिंदी महासागर तापला आणि लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. तेव्हापासून म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनचे संशोधक तेथे पाण्यात उतरून नोंदी घेत आले आहेत. त्यांना असे आढळले की पुढील दहा-बारा वर्षांत पुष्कळ ठिकाणी प्रवाळ पुन्हा वाढले. शेवाळ खाणारे मासे जागच्या जागी होते, कारण ते कोणी मारलेच नव्हते. लोकांनी हे प्रवाळासाठी म्हणून केले नव्हते, त्यांची राहणीच तशी होती.

पण २०१० मध्ये समुद्र पुन्हा तापला. २०१६ मध्ये पुन्हा. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील चोवीस वर्षांच्या नोंदी एकत्र करून जो निष्कर्ष निघाला, तो असा की १९९८ मध्ये जिवंत प्रवाळाचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते, ते २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आले. निम्मे गेले. प्रत्येक तडाख्यात मरणाऱ्यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी होते, कारण नाजूक जाती आधीच गेल्या होत्या. परंतु सावरण्याचा वेग मंदावला. आणि दोन तडाख्यांमधील उसंतही पुरेनाशी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपासून लक्षद्वीपच्या समुद्रात पुन्हा उष्णतेची लाट आली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे तीव्र विरंजन झाल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जागतिक पातळीवरील चौथ्या विरंजनाची घोषणा झाली.

दुसरीकडे गेल्या काही वर्षांत बाहेरचा बाजार बेटांपर्यंत पोहोचला आहे. बर्फ आहे, वाहतूक आहे, आणि प्रवाळातल्या मोठ्या माशांना, विशेषतः गोबऱ्यासारख्या जातींना, चांगला भाव आहे. ज्या गोष्टीने १९९८ नंतर प्रवाळांना सावरले, तीच आता सुटत चालली आहे. गरीब मच्छीमाराने चार पैसे मिळवू नयेत असे येथे बसून मी म्हणणार नाही. समुद्र तापला तो त्याच्या चुलीने नव्हे. त्याचे ऋण मोठ्या देशांवर आणि मोठ्या शहरांवर आहे, आपल्या गाड्यांवर व वातानुकूल यंत्रांवरही आहे. पृथ्वीचे तापमान दीड अंशाने वाढले तर जगातील ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, आणि दोन अंशांनी वाढले तर जवळजवळ सर्व, असा आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा २०१८ चा अहवाल आहे. ही गोष्ट लक्षद्वीपच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे ते एवढेच की दोन तडाख्यांच्या मध्ये प्रवाळाला सावरू द्यायचे की नाही.

बंगारमजवळ पराली नावाची छोटी निर्मनुष्य बेटे आहेत. त्यांतील एक १९६८ मध्ये ०.०३२ चौरस किलोमीटर होते, म्हणजे आपल्या सात-आठ एकरांएवढे. २०१७ मध्ये कालिकत विद्यापीठातील संशोधनातून ते पूर्णपणे झिजून गेल्याचे समोर आले. त्यावर कोणी राहत नव्हते, म्हणून वर्तमानपत्रात दोन दिवस बातमी आली आणि विषय संपला.

संयम एकदा सुटल्यावर पुन्हा आणता येतो काय, असा प्रश्न आपण विचाराल. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, झांजिबारच्या पेंबा बेटालगत, मिसाली नावाचे एक लहान बेट आहे. तेथील मच्छीमारही मुसलमानच. त्यांच्यात अशी आख्यायिका आहे की हजरत खिज्र तेथे आले, त्यांनी नमाजासाठी मुसल्ला मागितला. कोळ्यांपाशी तो नव्हता, तेव्हा हे बेटच माझा मुसल्ला, असे ते म्हणाले. त्यावरून बेटाला मिसाली हे नाव पडले. अशा जागीसुद्धा सुरुंगाने मासे मारणे सुरू झाले होते. सुरुंगाने मासे मरतातच, पण शेकडो वर्षांचे प्रवाळही चुरा होतात. १९९८ मध्ये बेट संरक्षित झाले. सरकारी नियम नुसते वाचून दाखवून उपयोग होत नाही असे दिसल्यावर, १९९९ पासून तेथील इमाम, मदरशातील शिक्षक आणि मच्छीमार यांना एकत्र बसवून सृष्टी ही अमानत आहे, माणूस तिचा खलीफा म्हणजे विश्वस्त आहे, फसाद आणि इसराफ निषिद्ध आहेत, या शिकवणुकीच्या आधारे मासेमारीचे नियम समजावले गेले. पुष्कळ मच्छीमारांना ते पटले. जे बाहेरच्या अधिकाऱ्याचे ऐकत नव्हते, त्यांनी आपल्या मशिदीतले ऐकले. मदीनेभोवतीच्या झाडांना व शिकारीला संरक्षण देणारी हिमाची परंपरा आपल्याकडे चौदा शतकांपासून आहे. ती समुद्रालाही लावता येते, एवढेच मिसालीच्या लोकांनी दाखविले.

आपल्या देशात कायदे नाहीत असे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये चुनखडी बांधणारे सर्व प्रवाळ त्याच्या पहिल्या परिशिष्टात आले, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला. शोभेसाठी प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे, हे आपण मुलांना सांगून ठेवावे. २०२० मध्ये लक्षद्वीपमध्ये तीन राखीव सागरी क्षेत्रे जाहीर झाली. त्यांतील एक खास समुद्रकाकडीसाठी आहे, कारण या निरुपद्रवी प्राण्याचा परदेशी चोरटा व्यापार चालतो. आणि समुद्रपक्ष्यांच्या क्षेत्राला, अनेक वर्षे बेटांचे खासदार व पुढे लोकसभेचे उपाध्यक्ष राहिलेल्या पी. एम. सईद यांचे नाव दिले आहे.

आणि आपला कोकण? आपल्याकडे लक्षद्वीपसारखी बेटे नाहीत, कारण पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येतो आणि प्रवाळाला गढूळ पाणी सोसत नाही. तरीही मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तेथे २९.१२ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि पोटाचा प्रश्न आधी सोडविल्याशिवाय नकाशावर रेघ मारली की असे होणारच. त्याशिवाय विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर भर समुद्रात, पाण्याखाली वीस-पंचवीस मीटरांवर, प्रवाळांचे मोठे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. आपल्या रत्नागिरीच्या दालदी मच्छीमारांनाही पारंपरिक मासेमारीचे शहाणपण आहे. प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या नौकांनी ते धुडकावले, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारला अशा दिव्यांवर बंदी घालावी लागली. बंदी असूनही समुद्रात रात्री उजेड दिसतो, अशी तक्रार आपले लोक करीत असतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता दोन माणसांची नावे सांगतो. पहिले डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादकडचे, अलीगढमध्ये शिकलेले. १९८१-८२ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून गेली, हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. पण त्याच्या आधी, १९७० च्या सुमारास, त्यांनी कवरत्तीच्या प्रवाळांवर किती अन्न तयार होते याचे मोजमाप केले होते. पुढे ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि नंतर जामिया मिल्लियाचे कुलगुरूही.

दुसरे मिनिकॉयचे अली मानिकफान. जन्म १९३८. शाळेचे शिक्षण अर्धवट सोडलेला मुलगा. त्यांनी भाषा स्वतः शिकल्या, मासे स्वतः ओळखले. डॉ. संथप्पन जोन्स या मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यांना संशोधन संस्थेत घेतले, आणि बेटांवर सापडलेल्या एका माशाच्या शास्त्रीय नावात मानिकफान हे नाव घातले गेले. १९८० मध्ये टिम सेव्हरिन या ब्रिटिश प्रवाशाला सिंदबादच्या काळचे जहाज हवे होते, तेव्हा ओमानमध्ये एकही खिळा न वापरता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ते बांधणाऱ्या कारागिरांचे प्रमुख अली मानिकफानच होते. ते जहाज चीनपर्यंत गेले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कासिमसाहेबांसारखी पदवी असो की मानिकफान यांच्यासारखी जिद्द, समुद्राच्या अभ्यासात आपल्या मुला-मुलींना जागा आहे, आणि समुद्र तर दाराशी आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. बारावी विज्ञान शाखेनंतर तेथे चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. डॉक्टर व इंजिनीअर यांच्या रांगेत उभे राहणाऱ्या पालकांनी त्याचीही चौकशी करावी. शिक्षक मंडळींनी यंदाच्या सहलीत एखादा दिवस ओहोटीच्या वेळी खडपावर काढावा. कालवे, खेकडे, समुद्रफुले, कधी प्रवाळाचा लहानसा जिवंत तुकडाही खाचेतल्या पाण्यात दिसतो. बघावे, वहीत चित्र काढावे, आणि दगड उलटला असेल तर जसा होता तसा परत ठेवावा.